निरवानिरव

मृत्यू घडून गेल्यावर वापरावयाचे शब्द मराठीत विपुल आहेत. देवाज्ञा झाली, कैलासवासी झाले, इहलोकीची यात्रा संपली, अशी संभावित शब्दयोजना आपल्या वर्तमानपत्रांच्या चौकटींतून रोज दिसते. परंतु आपण बरे होणार नाही हे ज्याला कळून चुकले आहे, आणि तरीही ज्याच्यापुढे काही महिने, कदाचित एखाददोन वर्षे उरली आहेत, अशा माणसाच्या स्थितीला नाव द्यावयाचे झाले म्हणजे आपण अडखळतो. 'आसन्नमरण' हा शब्द ग्रंथांतून बाहेर पडत नाही. 'मरणोन्मुख' म्हटले की डोळ्यांपुढे श्वास लागलेला, शुद्ध हरपलेला माणूस उभा राहतो. 'मुमूर्षू' या शब्दाची गोष्ट तर मोठी कुतूहलजनक आहे. धातूच्या इच्छार्थक रूपापासून तो झाला असल्यामुळे 'मरू इच्छिणारा' हा त्याचा सरळ अर्थ. पण व्याकरणकारांना हे ठाऊक होते की मरावयास टेकलेल्या प्राण्याला मरणाची इच्छा असतेच असे नाही. म्हणून पाणिनीच्या सूत्रावर वार्तिक रचून त्यांनी या रूपाला 'आशंका' हा आणखी एक अर्थ जोडून दिला, आणि त्याची उदाहरणे दिली ती कोसळू घातलेल्या नदीकाठाची आणि मरू घातलेल्या कुत्र्याची. काठाला पडावयाची इच्छा नसते. तो पडेल अशी पाहणाऱ्याला धास्ती वाटत असते. म्हणजे हा शब्द वस्तुतः पाहणाऱ्याचा आहे. जो मरणार आहे त्याला काय वाटते हे त्यातून कळत नाही.

बोलीकडे वळले तर तिथे अधिक सापडते. 'घटका भरली' हा प्रयोग जुन्या घटिकायंत्रावरून आलेला. पाण्यात सोडलेले भोकाचे वाडगे भरत भरत जाते आणि भरले की बुडते. 'दिवस भरले' असे आपण मरणाऱ्याविषयीही म्हणतो आणि बाळंतपणाला आलेल्या स्त्रीविषयीही म्हणतो, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. परंतु या साऱ्यांहून मोलाचा शब्द आम्हांस वाटतो तो 'निरवानिरव'. निरवणे म्हणजे सोपवणे, हवाली करणे, कोणाच्या तरी पदरी घालणे. लांबच्या प्रवासाला निघालेला माणूस घरच्यांना निरवून जातो आणि जगातून निघालेलाही निरवूनच जातो. येथे मरणारा हा पाहण्याचा विषय राहत नाही; तो बोलतो आहे, सांगतो आहे, देण्याघेण्याचा हिशेब लावतो आहे. क्रियापदाचा कर्ता तोच आहे. मात्र या क्रियेला एक अट आहे. निघण्याची वेळ जवळ आली हे निघणाऱ्याला माहीत असले पाहिजे. प्रस्तुत लेखात आम्ही जो विचार करणार आहो तो या अटीचाच.

सुरत शहराच्या पूर्वेला, कडोदरा-बारडोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पर्वत पाटिया नावाचा भाग आहे. गुजरातीत 'पाटिया' म्हणजे फळी. हमरस्त्यावरून गावाकडे जेथे वाट फुटते आणि गावाच्या नावाची फळी लावलेली असते, त्या जागेलाच पुढे पाटिया म्हणू लागले. पर्वत गाव आता शहरात मिसळून गेले आहे. भोवताली कापडाचे व्यापारी बाजार, मागे लिंबायत, गोडादरा, डिंडोली या वस्त्या. आणि या पट्ट्यात धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांतून पोटासाठी आलेले हजारो मराठी लोक राहतात. ताप्तीखोऱ्याच्या लोहमार्गाने त्यांना येथे आणले आणि यंत्रमागांनी त्यांना ठेवून घेतले. घरात अहिराणी, शेजारी गुजराती, कामावर हिंदी, असा त्यांचा भाषेचा संसार आहे. याच भागात राजस्थानातून आलेल्या जैन व्यापाऱ्यांचीही मोठी वस्ती आहे. मरणाला सामोरे जाण्याच्या दोन अगदी निराळ्या रीती येथे एकमेकींच्या शेजारी नांदताना दिसतात, म्हणूनच आम्ही या स्थळाचा उल्लेख केला.

जैनांमध्ये संथारा किंवा सल्लेखना हे व्रत आहे. असाध्य रोगाने अथवा वार्धक्याने देह धर्मसाधनेला निरुपयोगी झाला असे ठरले म्हणजे गुरूच्या आणि कुटुंबीयांच्या संमतीने क्रमाक्रमाने आहार सोडावयाचा, सर्वांची क्षमा मागावयाची, आणि मरणाची घाईही न करता व त्याला टाळावयाचा यत्नही न करता दिवस काढावयाचे, असे त्याचे स्वरूप. व्रत घेतल्याचे जाहीर होते. आप्तेष्ट दर्शनाला येतात. घराचे दार उघडे असते. या व्रताविषयी मतभेद आहेत. राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ च्या ऑगस्टमध्ये ते दंडनीय ठरविले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. व्रताच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाही. त्या घरात मरणारा माणूस हा बातमी कळणारा शेवटचा माणूस नसतो, एवढेच आम्हांस येथे नोंदवावयाचे आहे.

आपल्या मराठी घरांत बहुधा तो शेवटचा असतो. डॉक्टर तपासणीचे कागद पाहतात, रुग्णाला बाहेर बसावयास सांगतात आणि थोरल्या मुलाला किंवा मेहुण्याला आत बोलावतात. बाहेर आलेला मुलगा 'काही नाही, गाठ आहे, औषधाने जाईल' असे सांगतो. पुढे घरातील सर्वांना खरे कळते, गावाकडच्या भाऊबंदांना कळते, शेजारणीला कळते. आणि ज्याच्या देहात हे सारे चालले आहे तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. त्याला कळलेले नसते असे मात्र कोणी समजू नये. सून एकाएकी गोड बोलू लागली, वर्षानुवर्षे न बोलणारा भाऊ नंदुरबारहून आला, उधारी मागणारा दुकानदार गप्प झाला, एवढ्यावरून शहाण्या माणसाला सर्व उमजते. पण घरच्यांनी घातलेली शपथ त्यालाही जणू बांधते आणि तोही काही न उमजल्याचे सोंग घेतो. दोन्ही बाजू एकमेकांना सांभाळून घेण्यासाठी खोटे बोलत राहतात. यात माया आहे, हे नाकारण्याइतके आम्ही कठोर नाही. परंतु या मायेच्या पोटी निरवानिरव राहून जाते. बँकेच्या खात्याला वारस लावावयाचा राहतो, गावाकडच्या दोन बिघ्यांचा सातबारा तसाच राहतो. आणि त्याहून वाईट म्हणजे जे बोलावयाचे असते ते बोलावयाचे राहते.

या संदर्भात मराठी साहित्यातील ज्या माणसाची आठवण होते तो याच दक्षिण गुजरातचा. राम गणेश गडकरी यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी नवसारी येथे झाला; पर्वत पाटियापासून हे गाव तासाभराच्या अंतरावर आहे. बालपणीच वडील वारले, पुढे पुण्यास वास्तव्य झाले, महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट राहिले, किर्लोस्कर नाटक मंडळीत उमेदवारी केली. ही सर्व हकीकत वाचकांस परिचित आहे. 'गोविंदाग्रज' म्हणून कविता, 'बाळकराम' म्हणून विनोद आणि स्वतःच्या नावाने नाटके, अशी तीन नावांनी लिहिणारी ही व्यक्ती क्षयाने ग्रासली गेली, आणि २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळील सावनेर येथे तिचा अंत झाला. वय चौतिशीच्याही आत.

क्षय हा त्या काळी कसला रोग होता हे आजच्या वाचकाला थोडे समजावून सांगितले पाहिजे. रॉबर्ट कॉख याने १८८२ च्या मार्चमध्ये बर्लिन येथे या रोगाचा जंतू दाखवून दिला होता. म्हणजे रोगाचे कारण कळले होते. उपाय मात्र नव्हता. स्ट्रेप्टोमायसिन हे पहिले गुणकारी औषध हाती आले ते १९४३ नंतर. मधल्या साठ वर्षांत वैद्य रोगाचे नाव अचूक सांगू शकत होता आणि त्यापुढे मोकळी हवा, दूध आणि विश्रांती याखेरीज त्याच्याजवळ देण्यासारखे फारसे नव्हते. त्यात हा रोग सावकाश चालणारा. प्लेग दोन दिवसांत माणूस नेई. क्षय महिनेच्या महिने देई, आणि त्या सर्व काळात बुद्धी बहुधा शाबूत ठेवी. आपले काय होणार हे ठाऊक असलेला, विचार करू शकणारा आणि हातात लेखणी असलेला माणूस असा त्या काळी निर्माण झाला तो या रोगामुळे. क्षयाने प्रतिभा फुलते असा एक भाबडा समज युरोपात प्रचलित होता आणि आपल्याकडेही त्याची री ओढणारे झाले. तो समज आम्हांस मान्य नाही. तापाने कोणाला कल्पना सुचत नाहीत. रोगाने गडकऱ्यांना काही दिले असेल तर मुदत दिली.

त्या मुदतीत त्यांनी काय केले हे पाहण्यासारखे आहे. 'एकच प्याला' लिहून झाले होते. 'राजसंन्यास' हे संभाजीमहाराजांवरील नाटक हाती घेतलेले, पण अपुरे होते. 'वेड्यांचा बाजार' अपुरे होते. आणि 'भावबंधन' हे चिंतामणराव कोल्हटकर व दीनानाथ मंगेशकर यांच्या नव्या बळवंत संगीत मंडळीसाठी लिहावयास घेतलेले नाटक संपत आले होते. वाङ्मयीन कीर्तीचाच विचार असता तर त्यांनी 'राजसंन्यास'ला हात घातला असता, कारण तो विषय त्यांच्या शैलीला सर्वांत अधिक भव्यता देणारा होता. त्याचे जे प्रवेश लिहून झाले त्यांवरूनही हे दिसते. पण शेवटची शक्ती खर्ची पडली ती 'भावबंधन'वर, आणि त्याचा अखेरचा भाग पुरा झाला तो मृत्यूपूर्वी अवघे काही तास. ही निवड करताना त्यांच्या मनात काय होते हे सांगण्याचा आव आम्ही आणत नाही. परंतु एका नुकत्याच उभ्या राहिलेल्या मंडळीला नाटक हवे होते, तसा शब्द दिलेला होता, आणि दिलेला शब्द पुरा झाला, हे तर समोर दिसतेच. जो निघाला आहे तो आधी देणे फेडतो. भव्य संकल्प तसेच ठेवून जातो.

आणि हे नाटक रडके नाही, हे विशेष. त्यात खलनायक घनश्यामाचा सूड आहे, लतिकेचे गर्वहरण आहे. पण त्याबरोबरच धुंडिराजाचा विसरभोळेपणा आहे, कामण्णाची फजिती आहे, इंदू-बिंदूंची जोडी आहे. प्रेक्षागृह हसून हसून लोळावे असे प्रवेश त्यात आहेत, आणि शेवट गोड आहे. खोकल्याने ज्याची छाती फुटत होती त्याने दुसऱ्यांच्या हसण्याची तजवीज करून ठेवली. याला कोणी धैर्य म्हणेल, कोणी सवय म्हणेल. आम्हांस वाटते की विनोदकाराचा हात विनोदच लिहीत राहतो. अमुक इतके दिवस उरले म्हणून तो एकाएकी तत्त्वज्ञ होत नाही. मरणाची जाणीव झाली म्हणजे माणूस निराळा होतो, त्याला काही गूढ दृष्टी प्राप्त होते, असे जे आपण समजतो ते बहुतेक वेळा आपल्या सोयीचे असते. रोगी तोच असतो. फक्त दमलेला असतो.

'एकच प्याला'चा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास केला तो २० फेब्रुवारी १९१९ रोजी, म्हणजे नाटककार गेल्यावर अठ्ठाविसाव्या दिवशी. त्यातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांची आहेत. 'वेड्यांचा बाजार' पुढे चिंतामणरावांनी पुरे केले. कविता 'वाग्वैजयंती' या नावाने १९२१ मध्ये संग्रहित झाल्या. मित्रांनी आणि सहकाऱ्यांनी अशा रीतीने जे जे सांभाळले ते पाहता, निरवणाऱ्याइतकेच निरवून घेणाऱ्यांचेही काम असते हे लक्षात येते. केवळ सुरतेच्या दवाखान्यातच नव्हे, कोठेही हे दुसरे काम बिकट असते. कारण निरवून घ्यावयाचे म्हणजे समोरचा जाणार हे त्याच्या तोंडावर मान्य करावयाचे.

महाराष्ट्राच्या इतिहासात याची दोन उदाहरणे आणखी आहेत. थोरले माधवराव पेशवे सत्तावीस वर्षांचे असताना, राजयक्ष्म्याने थकून, थेऊरच्या चिंतामणीपाशी १८ नोव्हेंबर १७७२ रोजी वारले. अखेरच्या दिवसांत त्यांनी आपल्या इच्छा कलमवार लिहवून घेतल्या. राज्यावरील कर्ज फेडावे हा त्यांतील मुख्य विषय होता. काशी-प्रयाग मोकळी व्हावीत ही वडिलांपासून चालत आलेली इच्छाही त्यात होती. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी, आणि त्याच्या उशाशी बसलेली चिंता कर्जाची! दुसरे उदाहरण डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली, पण क्षयाने त्यांना त्या जागेवर बसू दिले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. स्वतः वैद्यकशास्त्र शिकलेल्या रुग्णापासून रोग लपविण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांची रक्षा पुढे अमेरिकेत, त्यांना मुलीसारखे वागविणाऱ्या कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली आणि पौकीप्सी येथील त्यांच्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत पुरण्यात आली. देह कोठे विसावावा हा प्रश्न परमुलखाशी नाते जडलेल्या प्रत्येकापुढे उभा राहतो. तो पर्वत पाटियाच्या माणसापुढेही आहे आणि त्याकडे आम्ही पुन्हा वळू.

आता क्षयाला औषध आहे. त्याची जागा कर्करोगाने आणि हृदय, मूत्रपिंड, यकृत यांच्या जुनाट विकारांनी घेतली आहे. या रोगांतही मुदत मिळते, आणि उपचार सुधारले तसतशी ती लांबत चालली आहे. मुंबईस टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले तेव्हापासून खानदेशातील रुग्ण तिकडे जात आले आहेत. आता सुरतेतही कर्करोगाचे उपचार मिळतात. परंतु रोग हटविण्याचे उपाय थकल्यावर काय करावयाचे, हा प्रश्न वैद्यकाने गंभीरपणे हाती घेतला तो अलीकडेच. सिसिली साँडर्स या इंग्रज बाईंनी १९६७ मध्ये लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर्स ही संस्था काढली. त्या आधी परिचारिका होत्या, नंतर रुग्णसेविका झाल्या, आणि मग डॉक्टर झाल्या. मरणाऱ्याच्या वेदनेत देहाचे दुखणे, मनाची भीती, घरादाराची काळजी आणि 'माझ्याच वाट्याला हे का' हा प्रश्न, असे सर्व एकत्र कालवलेले असते. एकाला औषध देऊन दुसरे सोडले तर पहिलेही शमत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. दुखणे असह्य होण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी अफूजन्य औषध पोटात देत राहावयाचे, हा त्यांच्या पद्धतीचा कणा. आपल्याकडे मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये शांति आवेदना सदन निघाले. भारतातील अशा प्रकारची ती पहिली संस्था. पुण्यास वारजे येथे सिप्लाचे उपशामक शुश्रूषा केंद्र १९९७ पासून आहे.

मॉर्फिनची हकीकत मात्र खेदजनक आहे. अफूचे कायदेशीर पीक काढणाऱ्या मोजक्या देशांत आपला देश आहे. असे असूनही १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने परवान्यांचे असे जाळे विणले की रुग्णालयांनी हे औषध ठेवणेच सोडून दिले. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन वाट मोकळी झाली. पण एक पिढीभर डॉक्टर ते न वापरता शिकले होते, आणि 'सवय लागेल' ही भीती नातेवाइकांच्याही मनात घर करून होती. ज्याचे दोन महिने उरले आहेत त्याला सवय लागेल म्हणून विव्हळत ठेवणे, हे आम्हांस कोणत्याच शास्त्रात बसणारे वाटत नाही.

एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस या बाईंनी १९६९ साली मांडलेल्या पाच अवस्था आता सुशिक्षितांच्या तोंडी झाल्या आहेत: नकार, संताप, सौदा, विषण्णता आणि स्वीकार. त्यांचे श्रेय मोठे, कारण त्यांनी मरणाऱ्या माणसांशी बोलावयास बसून हे लिहिले; त्यांच्याविषयी तर्क करून नव्हे. पण पायऱ्या चढाव्यात तसा मनुष्य या अवस्था चढत जातो, आणि स्वीकाराच्या ओट्यावर येऊन शांत बसतो, असा जो अर्थ लोकांनी केला तो खरा नाही. सकाळी स्वतःच्या तेराव्याच्या खर्चाची तजवीज सांगणारा माणूस संध्याकाळी दिवाळीनंतर घराला रंग द्यावयाच्या गोष्टी बोलतो, आणि दोन्ही मनापासून बोलतो. पंढरीच्या वारीला पुढच्या वर्षी जाऊ म्हणणाऱ्याला कोणी 'अजून नकाराच्या अवस्थेत आहे' असे म्हणू नये. जाणणे आणि आशा करणे ही दोन्ही कामे मन एका वेळी करू शकते.

म्हणूनच रुग्णाला खरे सांगावे की नाही, या वादात 'एकदम सर्व सांगून टाकावे' या पक्षाचेही आम्ही नाही. किती जाणून घ्यावयाचे हे रुग्णाने ठरवावे, आणि ते त्याला विचारावे, हा मार्ग शहाणपणाचा दिसतो. पुष्कळ डॉक्टर आता 'तुम्हांला आजाराविषयी काय ठाऊक आहे, आणि आणखी काय ऐकावेसे वाटते' असे आरंभी विचारतात. हा प्रश्न ज्या भाषेत विचारला जातो ती भाषा येथे निर्णायक ठरते. दवाखान्यात गुजराती चालते, कागदावर इंग्रजी असते, मुलगा हिंदीत भाषांतर करतो. आणि भाषांतर करणारा मुलगा कोणते शब्द गाळतो हे बापाला कळत नाही. सून किंवा मुलगा यांच्याखेरीज दुसरा कोणी अहिराणी जाणणारा जवळ बसला, तर रुग्ण कधी कधी असे प्रश्न विचारतो की जे त्याने घरात कधीच काढलेले नसतात. 'कितला दिन?' हा त्यांतला पहिला.

कायद्यानेही या विषयात पावले टाकली आहेत. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी याचिका फेटाळली, तथापि निरुपयोगी उपचार थांबविण्याची वाट काही अटींवर मान्य केली. त्यानंतर ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सन्मानाने मरण येणे हा जगण्याच्या अधिकाराचाच भाग आहे असे ठरवून, माणसाने शुद्धीवर असताना पूर्वसूचनेचा लेख करून ठेवण्यास मान्यता दिली. आपण बोलू शकत नाही अशा अवस्थेत आणि बरे होण्याची आशा नसताना कोणते उपचार करू नयेत, व आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यावा, हे त्यात लिहावयाचे असते. आरंभी यासाठी न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. तो त्रास पाहून न्यायालयाने २०२३ च्या जानेवारीत अटी सैल केल्या. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून तो प्रमाणित करून घेतला म्हणजे पुरे. हा लेख म्हणजे कोणाला मारून टाकण्याचा परवाना नव्हे; प्राणघातक औषध देणे हा गुन्हा होता आणि आहे.

परंतु न्यायालयाच्या लेखात बसणार नाहीत अशाही गोष्टी निरवावयाच्या असतात. पर्वत पाटियाच्या माणसापुढे उभा राहणारा पहिला प्रश्न 'येथे की गावी' हा आहे. काही जण उपचार थकताच गाडीत घालून गावी नेले जातात. आपल्या ओट्यावर, आपल्या माणसांत प्राण जावा ही त्यांची इच्छा असते. पण गावी वेदनाशमक औषध मिळत नाही, आणि शेवटचे आठ दिवस फार वाईट जातात. जे सुरतेतच राहतात त्यांना तापीकाठच्या अश्विनीकुमार स्मशानात नेतात. भारतातील कर्णाचे दहन येथेच झाले अशी तेथील आख्यायिका आहे, आणि त्या जागेचा तीन पानांचा वड लोक भाविकपणे दाखवितात. तापी हीच नदी वर भुसावळाजवळून, खानदेशातून वाहत येते. त्यामुळे रक्षा येथे सोडली काय आणि तिकडे सोडली काय, पाणी तेच, असे वृद्ध माणसे म्हणतात. मुलांची शाळा, भाड्याची खोली, मागावरची नोकरी यांचा विचार करून ज्याने स्वतःच 'मला येथेच ठेवा' असे सांगून ठेवले असेल, त्याच्या घरच्यांना मागाहून भाऊबंदांपुढे मान खाली घालावी लागत नाही. पूर्वसूचनेच्या लेखाला न्यायालयाने भाषेची अट घातलेली नाही. तो मराठीत लिहिता येतो. आणि त्याच कागदासोबत, साक्षीदारांच्या सह्यांची गरज नसलेला एक दुसरा कागद ठेवावयास हरकत नसते, ज्यावर कोणाचे किती देणे आहे, सातबारा कोणत्या डब्यात आहे, आणि अंत्यविधी कोठे करावयाचा, हे आपल्या हाताने किंवा नातवाच्या हाताने लिहून ठेवलेले असेल.